कर्नाळ्याच्या वाटेवरचे शनवार तेली

पनवेल सोडून गोव्याच्या रस्त्याला लागले की दहा-बारा किलोमीटरवर कर्नाळ्याचा सुळका दिसू लागतो. त्याला कुणी अंगठा म्हणतात, कुणी लिंगोबा. इतिहासाच्या पुस्तकांत कर्नाळा हा किल्ला आहे, वन खात्याच्या दप्तरात तो १९६८ साली जाहीर झालेले पक्षी अभयारण्य आहे. या लेखापुरता तो मला तिसऱ्याच कारणासाठी महत्त्वाचा वाटतो. हा सुळका एका जुन्या वाटेची खूण आहे. चौल-रेवदंड्याकडून, अलिबाग-पेणवरून पनवेल बंदराला आणि तिथून बोरघाटाने देशावर जाणाऱ्या मालाची ही वाट. याच वाटेच्या दोन्ही अंगांच्या गावांत मराठी बोलणारा एक ज्यू समाज कित्येक शतके तेलाचे घाणे चालवत होता. गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत. ते स्वतःला बेने इस्रायल, म्हणजे इस्रायलची लेकरे, म्हणवत.

या वाटेवर मला फिरवले ते कर्नाळ्याच्या पायथ्याच्या एका गावातल्या वाटाड्याने. वय तिशीच्या आत. पक्षी दाखवणे हा त्याचा मूळ धंदा. पावसाळ्यात तिबोटी खंड्याचे फोटो काढायला येणाऱ्या मंडळींना तो ओढ्याकाठी नेतो. हा चिमुकला रंगीत पक्षी आता रायगड जिल्ह्याचा मानाचा पक्षी आहे. पाऊस सरला की स्वर्गीय नर्तक, भृंगराज कोतवाल आणि पहाटे माणसासारखी शीळ घालणारा कस्तूर. ज्यू वारसा त्याच्या यादीत आला तो पाहुण्यांमुळे. इस्रायलमधून काही कुटुंबे आजोबांचे गाव शोधत येतात, गाडीवाल्याला विचारतात, आणि गाडीवाला त्यांना याच्याकडे आणून सोडतो.

त्याची पद्धत मला फार आवडली. तो पाहुण्यांना आधी धर्म विचारत नाही, देशही विचारत नाही. "दादा, आडनाव सांगा," म्हणतो. पेणकर म्हटले की पेण, रोहेकर म्हटले की रोहे, दिवेकर म्हटले की दिवे, किहीमकर म्हटले की किहीम. नवगावकर, अष्टमकर, झिराडकर, वाकरूळकर... नकाशा आडनावांतच आहे. बेने इस्रायलांनी हिब्रू नावांपुढे कोकणातल्या गावांची नावे लावली आणि देश सोडल्यावरही ती टाकली नाहीत. इतर समाजांच्या इतिहासासाठी ताम्रपट आणि सनदा शोधाव्या लागतात. या समाजाचा पहिला दस्तऐवज म्हणजे त्याची आडनावे.

किल्ला चढताना त्याने मला कर्नाळ्याची कथा सांगितली आणि ती बहुतांशी कागदांशी जुळणारी होती. यादवांपासून हा किल्ला हातोहात फिरला. १५४० मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीने तो गुजरातच्या सुलतानाकडून घेतला. गुजरातच्या सरदारांनी वसईच्या पोर्तुगिजांना हाक मारली. पोर्तुगीज आले आणि अखेर वार्षिक रकमेच्या मोबदल्यात त्यांनी किल्ला निजामशहालाच देऊन टाकला. शिवाजी महाराजांनी तो १६५७ मध्ये घेतला, १६६५ च्या पुरंदरच्या तहात तो मोगलांना गेला, १६७० मध्ये परत आला. १८१८ मध्ये इंग्रजांनी घेतला. पायथ्याजवळच्या शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके यांचे आजोबा या किल्ल्याचे किल्लेदार होते. इतक्या सत्तांना हा लहानसा किल्ला का हवा होता, याचे उत्तर माथ्यावर उभे राहिल्यावर मिळते. कातळात खोदलेल्या टाक्यांपाशी उभे राहून खाली पाहिले तर पनवेलची खाडी, पेणकडचा रस्ता आणि सह्याद्रीची भिंत एकाच नजरेत येतात. ज्याच्या हाती कर्नाळा, त्याच्या हाती वाटेवरची जकात.

याच माथ्यावर वाटाड्याने मला तो प्रश्न विचारला ज्यासाठी हा लेख लिहितो आहे. "पाहुणे विचारतात, आम्ही इथं दोन हजार वर्षं आहोत ना? मी हो म्हणतो. पण सर, ते खरं आहे का?"

प्रश्न साधा नाही. समाजाची परंपरा अशी : अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर एक जहाज फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, बुडालेल्यांना तिथेच पुरले, आणि वाचलेल्यांचा वंश म्हणजे बेने इस्रायल. नवगावला ती दफनभूमी आणि स्मारक आजही दाखवतात. हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी १८९७ मध्ये समाजाचा सविस्तर इतिहास लिहून पूर्ण केला. तो छापून निघाला तेल अवीवमध्ये, १९३७ साली. त्यांनी या आगमनाचा काळ इसवी सनापूर्वी १७५ च्या सुमाराचा मानला. त्यांचा एक युक्तिवाद असा होता की, या लोकांना हनुक्का हा सण ठाऊक नव्हता. म्हणजे तो सुरू होण्याआधीच त्यांनी मायदेश सोडला असावा.

युक्तिवाद चतुर आहे, पण पुरेसा नाही. जो समाज पोथ्या हरवून बसला, हिब्रू विसरला, तो एखादा सण नंतरही विसरू शकतो. नसलेल्या गोष्टीवरून तारीख काढणे नेहमीच जोखमीचे असते.

मग हाती काय उरते? चौल हे फार जुने बंदर. ग्रीक लेखकांना ते ठाऊक होते, आणि डेक्कन कॉलेजच्या उत्खननात तिथे सातवाहनकालीन वस्तीचे अवशेष मिळाले आहेत. अरब प्रवासी अल-मसूदी दहाव्या शतकाच्या आरंभी तिथे आला तेव्हा त्याने समुद्रापलीकडून आलेल्या मुसलमानांची मोठी वस्ती पाहिली. म्हणजे पश्चिम आशियातून माणसे या किनाऱ्यावर येऊन राहत होती, यात शंका नाही. बाराव्या शतकाच्या अखेरीस मायमोनिडीस या विख्यात ज्यू पंडिताने एका पत्रात हिंदुस्थानातल्या ज्यूंचा उल्लेख केला : त्यांना लिखित धर्मशास्त्र माहीत नाही, ते शब्बाथ पाळतात आणि सुंता करतात, एवढेच. वर्णन बेने इस्रायलांना चपखल बसते, पण त्यात कोकणाचे नाव नाही. १७३८ मध्ये एका मिशनऱ्याच्या पत्रात मात्र ‘बेने इस्रायल’ हे नाव स्पष्ट येते : त्यांच्यापाशी बायबल नाही, ‘शमा’ ही एकच प्रार्थना ते जाणतात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासाने या समाजात ज्यू आणि भारतीय असे दोन्ही वंश मोठ्या प्रमाणात आढळल्याचे दाखवले आणि त्यांचा संकर साधारण १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीचा ठरवला. पिढ्यांचा हिशेब हजार वर्षांच्या आत-बाहेर जातो. यातून समाजाची ज्यू मुळे पक्की होतात. जहाज कधी फुटले, ते ठरत नाही.

या सगळ्यापेक्षा मला ‘शनवार तेली’ हे नावच मोठा पुरावा वाटते, कारण ते शेजाऱ्यांनी दिले आहे. स्वतःविषयी माणूस काहीही सांगेल. शेजारी काय म्हणतात ते निरखून पाहावे. कोकणात सोमवार तेलीही होते. ते शिवाचा वार म्हणून सोमवारी घाणा बंद ठेवत. म्हणजे गावाच्या नजरेत दोघेही तेलीच, फरक सुट्टीच्या वाराचा. तेल रोज लागणारी वस्तू. शेजारच्या घाण्याचा बैल शनिवारी कधीच जुंपला जात नाही, चूलही पेटत नाही, हे गावाच्या लक्षात न येते तरच नवल. धर्मशास्त्र हरवले, भाषा हरवली, पण आठवड्यातला एक दिवस पिढ्यान्‌पिढ्या हातातून निसटू दिला नाही. त्या हट्टाचे नाव गावाने ठेवले.

सणांची नावेही तशीच पाहावीत. नववर्षाला ते ‘नव्याचा सण’ म्हणत. मोठ्या उपवासाचा दिवस, ज्या दिवशी दारे बंद करून घरात बसायचे, तो ‘दारफाळणीचा सण’. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोकदिन कोकणात ‘बिरड्याचा सण’ झाला, कारण त्या दिवशी उपवास सोडताना मोड आलेल्या वालाचे बिरडे खायचे. दुःखाचे कारण स्मृतीतून गेले, पानातले बिरडे राहिले. मांसाबरोबर दूध चालत नाही, म्हणून रश्शात नारळाचे दूध आले. कोकणात ते सोपेच होते. एलियाहू हनाबी या प्रेषिताच्या नावाने भिजवलेले पोहे, खोबरे, साखर आणि फळे यांचा मलिदा करतात. अलिबागजवळच्या एका खडकावरची खूण त्याच्या रथाच्या चाकाची मानतात. आपल्याकडे प्रत्येक डोंगरावर कुणाचे तरी पाऊल उमटलेले असतेच. त्यांच्या प्रेषितानेही कोकणाच्या कातळावर खूण ठेवली.

हे सारे सांगताना ‘आमच्याकडे त्यांचा कधी छळ झाला नाही’ असे म्हणून आपण पाठ थोपटून घेतो. ते खरेच आहे, आणि अभिमान वाटण्याजोगे आहे. पण चित्र तेवढेच नाही. जातीच्या उतरंडीत तेल्याची जी जागा तीच यांची झाली, आणि त्यांच्यातही ‘गोरे’ आणि ‘काळे’ असे भेद पडून रोटीबेटी थांबली. आपण त्यांना सामावून घेतले ते आपल्या सगळ्या चौकटींसकट.

पनवेलचे सिनेगॉग १८४९ चे. त्याआधी रेवदंडा १८४२, अलिबाग १८४८, आणि त्यानंतर पेण १८६३. या सनांकडे व्यापाराच्या अंगाने पाहावे. १८३० मध्ये बोरघाटातून गाड्यांचा रस्ता झाला आणि मुंबई-पुणे वाहतुकीचे गलबत ते बैलगाडी हे ठिकाण पनवेल झाले. शहरात पैसा आला, वस्ती वाढली, त्या भरभराटीत प्रार्थनाघर उभे राहिले. १८६३ मध्ये रेल्वे बोरघाट चढली आणि पनवेलची ती वर्दळ ओसरली. तोवर समाजाची पुढली पिढी मुंबईला लष्करात, कारखान्यांत, कचेऱ्यांत गेली होती. मुंबईचे पहिले सिनेगॉग १७९६ चे, सामाजी हसाजी दिवेकर यांनी बांधलेले. मशीद बंदर स्थानकाचे नाव त्याच ‘मशिदी’वरून आले. मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिले. १८७४ मध्ये पुण्यात हिब्रू आणि मराठी असा सचित्र हगादा छापला गेला. हरवलेला धर्म या समाजाने परत मिळवला तो मराठीतून, हे विसरू नये.

१९४८ नंतर बहुतेक जण इस्रायलला गेले. तिथे १९६० च्या दशकाच्या आरंभी काही धर्मगुरूंनी त्यांच्या ज्यूपणावरच शंका घेतली. आंदोलने झाली, आणि १९६४ मध्ये त्यांना पूर्ण मान्यता मिळाली. इथे तेली, तिथे परके. तरीही ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक त्यांनी तिथून काढले. २०११ च्या जनगणनेत साऱ्या भारतात ज्यू साडेचार हजारांच्या आसपास उरले होते. २०१६ मध्ये महाराष्ट्र शासनाने त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला, तोपर्यंत अनेक गावांत त्या आडनावाचे एकही घर नव्हते.

म्हणून वाटाड्याचा प्रश्न मला साधा वाटत नाही. पनवेल आता महापालिका आहे. शेजारी विमानतळ झाला, महामार्ग रुंदावला, जमिनीचा भाव गगनाला भिडला. ज्या गावात माणसे नाहीत तिथल्या दफनभूमीची बाजू कोण मांडणार? हिब्रू आणि मराठी अक्षरांचा दगड कुंपणाखाली गेला तर तक्रार करायला वंशज अश्दोदला असतात. किल्ल्याला पुरातत्त्व खाते आहे, पक्ष्यांना वन खाते आहे. गावाबाहेरच्या चार थडग्यांना आणि बुजलेल्या घाण्याला वाटाड्याखेरीज कुणी नाही. त्याने पाहुण्यांना चुकीचे सांगितले, तर तीच पुढे माहिती होईल. काही सांगितलेच नाही, तर जागाही जाईल.

मी त्याला म्हटले, हो म्हणू नकोस आणि नाहीही म्हणू नकोस. नवगावला ‘असं सांगतात’ म्हण. सिनेगॉगपाशी ‘असं कोरलं आहे’ म्हण. आणि आडनावाच्या गावात पोचल्यावर तिथल्या म्हाताऱ्यांना बोलू दे.

त्याने मान डोलावली आणि पाठपिशवीतून वही काढली. पुढच्या पानांवर पक्ष्यांच्या नोंदी होत्या : तारीख, वेळ, झाड. मागून उघडली तर आडनावांची यादी. प्रत्येक आडनावापुढे गाव, आणि गावापुढे एक-दोन ओळी : घाण्याचा दगड अमक्याच्या परसात, विहिरीला अजून तेल्याची विहीर म्हणतात, थडगी सहा, दोन फुटलेली. काही गावांपुढची जागा कोरी होती. "इथं जाणारी आजीच गेली," तो म्हणाला, "आता दुसरं कोणी सापडतं का बघतोय."