अहमदनगरचे ‘पॉटिंजर साहेब’

१. पॉटिंजर साहेब : सर हेन्री पॉटिंजर (१७८९–१८५६). बेलफास्टजवळच्या माउंट पॉटिंजर येथील अँग्लो-आयरिश जमीनदार घराण्यातला हा पाचवा मुलगा. वडिलोपार्जित जमिनीवर जगणे नशिबी नव्हते, म्हणून कोवळ्या वयातच तो ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीसाठी मुंबईत आला. १८१० साली तो आणि त्याचा सहकारी अधिकारी ख्रिस्टी हे सुंदरजी नावाच्या घोड्यांच्या व्यापाऱ्याचे गुमास्ते बनून बलुचिस्तानात शिरले. नुश्कीला दोघांच्या वाटा फुटल्या : ख्रिस्टी हेरातकडे गेला, तर पॉटिंजर वाळवंट तुडवत केरमानला पोचला. पकडला गेला असता तर जीव वाचला नसता.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर जिंकलेल्या मुलखाचा कमिशनर एल्फिन्स्टन याने त्याला अहमदनगरचा कलेक्टर केले. खानदेश ब्रिग्ज या अधिकाऱ्याकडे आणि पुणे रॉबर्टसन या अधिकाऱ्याकडे गेले. पाटील, कुलकर्णी, पंचायत ही जुनी घडी शक्यतो मोडू नये, असे एल्फिन्स्टनचे धोरण होते. आयर्लंडातल्या जमीनदारीत वाढलेल्या माणसाला इथे मिरासदार शेतकऱ्याचा जमिनीवरचा वंशपरंपरागत हक्क सांभाळायचा होता. माझ्या मते त्याच्या चरित्रातला सर्वांत मोलाचा भाग हाच, आणि चरित्रकार तो दोन ओळींत उरकतात, याची खंत वाटते.

पुढे कच्छ आणि सिंधमध्ये नेमणुका. १८४० मध्ये बॅरोनेट. १८४२ मध्ये ब्रिटनच्या वतीने चीनशी नानकिंगचा तह. मग हाँगकाँगचा पहिला गव्हर्नर, शेवटी मद्रासचा. मृत्यू माल्टा बेटावर. हेरातच्या वेढ्यामुळे गाजलेला एल्ड्रेड पॉटिंजर हा त्याचा पुतण्या. दोघांची गल्लत करू नये.