वेग आधी आला, ब्रेक मागाहून

१/ १९६४ साली अमेरिकेतील पॉन्टिअ‍ॅकने आपल्या मध्यम आकाराच्या टेम्पेस्ट गाडीत मोठ्या गाडीचे, सुमारे ६.४ लिटरचे व्ही-८ इंजिन बसवून ‘जीटीओ’ बाजारात आणली. ‘मसल कार’चे युग सामान्यतः येथून मोजले जाते.

२/ इंजिन बदलले. ब्रेक मात्र चारही चाकांना ड्रमचेच राहिले. वेगात वारंवार दाबले की ते तापत व त्यांची पकड सुटे. ब्रेक तेलाचा मार्ग एकच असल्याने एका नळीतील गळतीही चारही चाकांना भोवे. जीटीओच्या पुढच्या चाकांना डिस्क ब्रेकचा पर्याय १९६७च्या मॉडेलपासून मिळाला.

३/ म्हणून अशी गाडी वडील आणि मुलगी मिळून पुन्हा उभी करू लागले, की प्रश्न केवळ रंगरूपाचा उरत नाही. मूळ भाग राखले तर संग्राहकांच्या लेखी मोल टिकते. पण चावी मुलीच्या हाती द्यायची, तर गाडी वेळेवर थांबलीही पाहिजे.

४/ यावर रूढ झालेला तोडगा साधा आहे. सांगाडा न कापता, बोल्टने बसणारे डिस्क ब्रेक आणि दुहेरी मार्गाचा मास्टर सिलिंडर लावावा. उतरवलेले ड्रम चिठ्ठी लावून जपून ठेवावेत. पुढच्या पिढीला वाटल्यास ते पुन्हा चढवता येतात.