डोंगरवाटांचे हसरे प्रवासवर्णन

सांगली जिल्ह्यातील पलूस तालुक्यात 1910 साली वसलेल्या किर्लोस्करवाडीतून 1920 मध्ये शंकरराव किर्लोस्कर यांच्या संपादनाखाली निघालेल्या 'किर्लोस्कर खबर' या पत्राचेच पुढे 'किर्लोस्कर' मासिक झाले, आणि पु. ल. देशपांडे यांची 'अपूर्वाई' पुस्तकरूप घेण्यापूर्वी याच मासिकात क्रमशः आल्यामुळे मराठी विनोदी प्रवासवर्णनाच्या इतिहासात या परिसराचा वाटा मोलाचा ठरतो.

डोंगरप्रवासाच्या लेखनाची वाट मात्र 'अपूर्वाई'च्या आधीच पडली होती. साताऱ्यात 1885 मध्ये जन्मलेल्या काका कालेलकरांनी 1912 साली स्वामी आनंद आणि अनंतबुवा मर्ढेकर यांच्यासह केलेली हिमालययात्रा पुढे गुजरातीतून लिहिली. गढवालात यात्रेकरूंच्या मुक्कामाच्या साध्या जागेला चट्टी म्हणतात, आणि भक्तीबरोबरच अशा मुक्कामांच्या गैरसोयींनाही लेखनात जागा मिळणे हेच या प्रकाराचे खरे बळ होय.

इंग्रजीत डब्ल्यू. ई. बोमन यांनी 1956 मध्ये एका काल्पनिक शिखरावरील मोहिमेचे विडंबन केले, म्हणजे वीरश्रीच्या शैलीचेच हास्यास्पद अनुकरण रचले. एरिक न्यूबी यांनी 1958 च्या ग्रंथात वेल्समधील जेमतेम काही दिवसांच्या सरावावर हिंदुकुशातील मीर समीर गाठू पाहणारे दोन नवखे प्रामाणिकपणे रंगवले. त्यांना शिखर मिळाले नाही, तरी पुस्तक टिकले, कारण डोंगरासमोर थकणारा, चुकणारा माणूस वाचकाला विजयी वीरापेक्षा अधिक जवळचा वाटतो.