पुरुषांची स्तनवृद्धि आणि व्यायाम

बीड तालुक्यांत, बालाघाटाच्या परिसरांत, लिंबागणेश नांवाचें गांव आहे. तेथील भालचंद्र गणपतीचें देऊळ मराठवाड्यांतील गणेशभक्तांना चांगलें ठाऊक आहे. गणपतीचें सुटलेलें पोट पाहून चंद्र हंसला, त्याबद्दल त्याला शाप मिळाला, आणि त्या शापांतून सुटण्यासाठीं त्यानें याच ठिकाणीं गजाननाची आराधना केली, अशी भाविकांची श्रद्धा आहे. भाद्रपद शुद्ध चतुर्थीला चंद्र पाहूं नये हा घरोघरचा नियम याच शापकथेंतून आलेला. कथेचा धार्मिक अर्थ कांहींही असो. दुसऱ्याच्या शरीराच्या ठेवणीला हंसणें हा अपराध आहे, हें पुराणकारांना मान्य होतें एवढें तींतून स्पष्ट दिसतें.

माणसांच्या जगांत मात्र हंसणाऱ्याला शाप मिळत नाहीं. शिक्षा होते ती ज्याला हंसलें जातें त्याला. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाची छाती मुलीसारखी फुगूं लागली कीं तें प्रथम दिसतें त्याच्या सोबत्यांना. मग तो पोहावयास जाईनासा होतो, तालमींत सदरा काढावयास लाजतो, खांदे पुढें ओढून पोक काढून चालूं लागतो. घरांत तो बहुधा बोलत नाहीं. आणि बोललाच तर वडील माणसांचा उपाय ठरलेला असतो : रोज शंभर जोर मार, सगळें जाग्यावर येईल. हा उपाय कितपत खरा, या प्रश्नाला बराच जुना इतिहास आहे.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत एकविसावा अध्याय आठ प्रकारच्या 'निंदित' शरीरांविषयीं आहे. अति उंच, अति ठेंगू, अति केसाळ, केस मुळींच नसलेला, अति काळा, अति गोरा, अति लठ्ठ आणि अति कृश असे ते आठ. लोक ज्यांना नांवें ठेवतात अशा शरीरांची ही यादी आहे. परंतु वैद्याचें लक्ष शेवटच्या दोहोंवरच खिळलें आहे, कारण औषधोपचाराचा विषय तेवढाच. अतिस्थूल पुरुषाचें लक्षण सांगतांना चरकानें मेद व मांस वाढल्यामुळें चालतांना हलणाऱ्या तीन अवयवांचा उल्लेख केला आहे : ढुंगण, उदर आणि स्तन. पुरुषाच्या वाढलेल्या छातीची आपल्याकडील वैद्यकांतील ही फार जुनी नोंद होय. कारणांमध्यें अति भोजन, गोड व स्निग्ध पदार्थ, दिवसा झोंप आणि व्यायामाचा अभाव हीं आहेतच; पण त्यांच्या जोडीला बीजस्वभाव, म्हणजे आईबापांकडून आलेली प्रकृति, हेंही एक कारण सांगितलें आहे. दोष सगळाच त्या बिचाऱ्याच्या आळसाचा नाहीं, हें चरकाला कळत होतें. पुढच्या अनेक उपदेशकांना तें कळलें नाहीं.

उपचारही तितकाच समंजस आहे. जव, मूग, कुळीथ, ताक, मधाचें पाणी असा पोट भरणारा पण चरबी न वाढविणारा आहार; आणि जागरण, व्यायाम, चिंतन हीं हळूहळू वाढवीत न्यावीं. यांतील 'हळूहळू' हा शब्द महत्त्वाचा. वाग्भटानेंही व्यायाम करावयाचा तो अर्ध्या शक्तीनें, असा दंडक घालून दिला आहे. मात्र छातीचा वेगळा व्यायाम करा आणि छाती कमी करा, असें या ग्रंथकारांचें सांगणें नाहीं. त्यांच्या दृष्टीनें स्तन, उदर आणि ढुंगण हीं एकाच मेदाचीं तीन ठिकाणें होतीं. मेद उतरला कीं तीन्ही उतरावयाचीं. ही दृष्टि किती अचूक होती याचा पडताळा विसाव्या शतकांत आला.

पश्चिमेकडे या विकाराला नांव मिळालें तें ग्रीक भाषेंत. 'स्त्री' आणि 'स्तन' या अर्थाचे दोन शब्द जोडून झालेलें 'गायनेकोमास्टिया' हें नांव इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांतील गेलन या वैद्याकडे पोंचतें. सातव्या शतकांतील एजिना बेटाचा पॉल याचें निरीक्षण त्याहून बारीक आहे. वयांत येतांना मुलांचीही छाती थोडीफार फुगते, बहुतेकांची ओसरते, कांहींची मात्र राहते आणि वाढते, असें त्यानें लिहून ठेवलें. या व्यंगामुळें पुरुषाला बायकी म्हणून हिणवतात, एवढ्याच कारणासाठीं शस्त्रक्रिया करण्यास तो तयार होता. स्तनाखालीं चंद्रकोरीच्या आकाराचा छेद घेऊन आंतील चरबी काढावी, असें त्यानें सांगितलें आहे. तेराशें वर्षांपूर्वींच्या त्या काळीं भूल देण्याची आजच्यासारखी सोय नव्हती. तरीही लोक या शस्त्रक्रियेला तयार होत असतील, तर चेष्टेचें दुःख शस्त्राच्या दुःखाहून मोठें असलें पाहिजे.

महाराष्ट्रांत या प्रश्नाचा संबंध आला तो तालमीशीं. उघड्या अंगानें लंगोट लावून मातींत उतरावयाचें, तेथें शरीर लपविण्यास जागा नाहीं. व्यायामाला आपल्याकडे नेहमींच प्रतिष्ठा होती. दुसऱ्या बाजीरावाच्या काळीं निजामाकडील अली आणि गुलाब हे मल्ल पुण्यास आव्हान देण्यास आले आणि त्यांच्याशीं सामना देण्याच्या तयारींतून बाळंभटदादा देवधरांनीं मल्लखांबाला नवें रूप दिलें, अशी परंपरागत हकीकत आहे. त्या वेळीं बीडचा मुलूखही निजामाच्याच राज्यांत होता आणि १९४८ पर्यंत तेथेंच राहिला. पुढें औंधचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं आपल्या संस्थानांतील शाळांत सूर्यनमस्कार सुरू केले; १९२४ मध्यें स्वामी कुवलयानंदांनीं लोणावळ्यास कैवल्यधाम काढून योगाच्या क्रियांना प्रयोगशाळेची कसोटी लावली; आणि बडोद्याहून दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनीं व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड काढून मराठीत या विद्येचें भांडारच उघडें केलें.

या चळवळीचा लाभ मोठा झाला, यांत शंका नाहीं. परंतु तिच्या पाठोपाठ एक समजूतही घट्ट बसली. ती अशी कीं, शरीराचा जो भाग बिघडला असेल त्याच भागाला व्यायाम द्यावा म्हणजे तो सुधारतो. सँडो हा जर्मन बलभीम १९०४-०५ च्या सुमारास हिंदुस्थानांत येऊन गेला. त्याच्यासारख्यांच्या चित्रांनीं प्रत्येक स्नायूला स्वतंत्र व्यायाम ही कल्पना घरोघर पोंचविली. स्नायूंच्या बाबतींत ती बरीचशी खरी आहे. जोर काढले कीं छातीचा स्नायु भरतो, बैठकांनीं मांड्या भरतात. चूक झाली ती स्नायूचा नियम चरबीला आणि ग्रंथीला लावण्यांत.

येथें शरीररचनेचा थोडा विचार केल्यावांचून गत्यंतर नाहीं. पुरुषाच्या छातींत सर्वांत खालीं बरगड्यांवर स्नायु, त्यावर चरबी, आणि बोंडाच्या मागें स्तनग्रंथीचा अगदीं लहानसा अवशेष असतो. छाती वाढते ती दोन कारणांनीं. एक म्हणजे अंगावर चढलेली चरबी. तिच्यामुळें दिसणाऱ्या वाढीला डॉक्टर खरी स्तनवृद्धि मानीत नाहींत. दुसरें म्हणजे ग्रंथीचीच वाढ. पुरुषाच्या रक्तांतही स्त्रीत्वाचे अंतःस्राव थोड्या प्रमाणांत असतात. पुरुषत्वाच्या स्रावाशीं असलेला त्यांचा समतोल बिघडला कीं ती झोंपलेली ग्रंथि जागी होते. दोन्हींतला भेद बोटांनीं कळतो. रोग्याला उताणें निजवून आंगठा व तर्जनी दोन बाजूंनीं बोंडाकडे सरकवीत नेल्यास ग्रंथि असेल तर बोंडाखालीं रबरासारखी चिवट चकती लागते. नुसती चरबी असेल तर कांहींच अडत नाहीं.

हा समतोल आयुष्यांत तीन वेळां निसर्गतःच ढळतो. जन्मतांना आईच्या स्रावांमुळें पुष्कळ अर्भकांची छाती सुजलेली असते आणि तींतून दुधासारखा थेंबही येतो. बाळाला न्हाऊं घालणारी बाई तें पिळून काढते. ती चाल घातक आहे, कारण तेणेंकरून गळूं होण्याची भीति असते. कांहीं आठवड्यांत ती सूज आपोआप जाते. दुसरी वेळ वयांत येण्याची. मुलांपैकीं फार मोठ्या भागाला तेराव्या-चौदाव्या वर्षाच्या सुमारास हा अनुभव येतो, आणि सहा महिने ते दोन वर्षांत बहुतेकांची छाती पूर्ववत् होते. तिसरी वेळ उतारवयाची. जोर मारून छाती गेली असें जें पुष्कळ गृहस्थ अभिमानानें सांगतात, त्यांतील कित्येकांची ती वयानेंच जावयाची होती. श्रेय मात्र जोरांना मिळालें.

दुसऱ्या महायुद्धानें या विषयावर एक विलक्षण प्रकाश टाकला. जपान्यांच्या छावण्यांत उपासमार सोसलेल्या अमेरिकन युद्धकैद्यांना पुन्हां चांगलें अन्न मिळूं लागलें तेव्हां त्यांच्यापैकीं कित्येकांची छाती फुगून दुखूं लागली. १९४७ च्या सुमारास वैद्यकीय नियतकालिकांत या नोंदी आल्या. हीं माणसें लठ्ठ नव्हतीं, आळशी तर नव्हतींच. हाडांवर कातडें उरलेलें होतें. उपासमारींत मंदावलेल्या ग्रंथि पुन्हां कामाला लागल्या आणि त्यांचें तारुण्यच जणूं दुसऱ्यांदा सुरू झालें, असा त्याचा उलगडा करतात. त्यापूर्वीं १९४२ मध्यें बोस्टनच्या क्लाइनफेल्टर या डॉक्टरनें सहकाऱ्यांबरोबर वाढलेली छाती आणि लहान वृषणें असलेल्या पुरुषांचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्यांच्या पेशींत एक रंगसूत्र जास्त असतें हें १९५९ मध्यें सिद्ध झालें. यकृताचा जुनाट रोग, मूत्रपिंडाचा विकार, कंठग्रंथीचा विकार आणि रक्तदाबावरचीं वा हृदयाचीं कांहीं औषधें हींही कारणें आहेत. अशांना जोर-बैठका सांगणें म्हणजे दांतदुखीला काजळ घालणें होय.

आतां राहिली चरबीची छाती. तिच्या बाबतींत व्यायामाचा उपयोग निश्चित आहे, पण तो चरकाच्या रीतीनें. १९७१ मध्यें अमेरिकेंत टेनिस खेळाडूंचे दोन्ही हात मोजून पाहण्यांत आले. वर्षानुवर्षें एकाच हातानें खेळल्यामुळें त्या हाताचा घेर मोठा झालेला होता, परंतु कातडीखालील चरबीची जाडी दोन्ही हातांवर सारखीच भरली. स्नायु जेथें राबतो तेथलीच चरबी जळते असें नाहीं. शरीर आपल्या हिशेबानें सगळीकडून काढतें. म्हणून चालणें, धांवणें, पोहणें, नमस्कार आणि आहाराचा संयम यांनीं वजन उतरलें म्हणजे छातीही उतरते. नुसत्या जोरांनीं ती उतरत नाहीं. उलट खालचा स्नायु भरून आला आणि वर ग्रंथि तशीच राहिली तर ती अधिकच उठून दिसते. वजन उतरविण्याचा आणखीही एक फायदा आहे. पुरुषत्वाच्या स्रावाचें रूपांतर स्त्रीत्वाच्या स्रावांत करणारें द्रव्य चरबींत असतें. चरबी घटली कीं तें रूपांतरही घटतें.

या इतिहासांतील खेदाचा भाग व्यायामशाळेंतच घडला. १९३५ मध्यें पुरुषत्वाचा स्राव प्रयोगशाळेंत तयार करण्यांत आला, आणि पुढें त्याचीं नानाविध रूपें स्नायु फुगविण्यासाठीं खेळाडूंच्या हातीं पडलीं. १९७६ च्या मॉंट्रियल येथील ऑलिंपिक सामन्यांत त्यांची तपासणी प्रथम सुरू झाली. बाहेरून अशीं सुया-गोळ्या घेणाऱ्याच्या शरीरांत त्या जादा द्रव्याचा कांहीं भाग स्त्रीत्वाच्या स्रावांत बदलतो, आणि पोलादी छातीच्या हव्यासानें आलेल्या तरुणाच्या बोंडामागें ती चिवट चकती तयार होते. खुराक म्हणून दूध, तूप आणि बदाम देणाऱ्या जुन्या वस्तादाच्या हातून शिष्याचें वजन कदाचित् अधिक वाढलें असेल. पण हा अपघात त्याच्या हातून होणें शक्य नव्हतें.

ग्रंथि वाढून वर्ष उलटलें कीं तिच्यांत तंतु निर्माण होऊन ती टणक बनते आणि मग औषधांनाही फारशी दाद देत नाहीं. एकाच बाजूला, बोंडापासून बाजूला सरकलेली कठीण गांठ, कातडीला पडलेली खळी किंवा बोंडांतून येणारें रक्त हीं लक्षणें असतील तर मात्र लाज बाजूला ठेवून तत्काळ डॉक्टरकडे गेलें पाहिजे. स्तनाचा कर्करोग पुरुषांना क्वचितच, पण होतो; स्तनाच्या एकूण कर्करोगांपैकीं शेंकडा एकाच्या आसपास पुरुषांत आढळतात. निरुपद्रवी असूनही न ओसरलेल्या वाढीवर शस्त्रक्रिया करतात. पॉलची चंद्रकोर तींत अजून आहे. १९४६ मध्यें वेब्स्टर नांवाच्या अमेरिकन शल्यवैद्यानें ती बोंडाभोंवतालच्या काळ्या वर्तुळाच्या कडेला आणली, त्यामुळें व्रण सहसा दिसत नाहीं. चरबी नळीनें ओढून घेण्याची सोयही नंतर झाली. शस्त्रक्रिया झालेल्या तरुणाला पहिले कांहीं आठवडे छातीस पट्टा बांधून ठेवावा लागतो, आणि तेवढ्या मुदतींत जोर काढण्यास डॉक्टरांची सक्त मनाई असते.