विलास सारंग : दोन भाषांच्या उंबरठ्यावरचा कथाकार

आधुनिकतावादी साहित्याचा इतिहास हा बऱ्याच अंशी स्वदेश सोडून गेलेल्या लेखकांचा इतिहास आहे. जेम्स जॉइसने १९०४ मध्ये डब्लिन सोडले आणि त्रिएस्त, झुरिक व पॅरिस येथे राहून आयुष्यभर डब्लिनविषयीच लिहिले. त्याचाच देशबांधव सॅम्युएल बेकेट १९३७ पासून पॅरिसला स्थायिक झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर तो फ्रेंचमध्ये लिहू लागला आणि आपले लेखन स्वतःच इंग्रजीत आणू लागला. मराठीत या परंपरेशी जवळचे नाते सांगणारा लेखक म्हणून विलास सारंग (१९४२-२०१५) यांचे नाव घ्यावे लागते. कथाकार, कादंबरीकार, कवी, समीक्षक आणि इंग्रजीचे प्राध्यापक अशी त्यांची ओळख असली, तरी त्यांच्या वाङ्मयाला जितका वाचकवर्ग लाभायला हवा होता तितका तो लाभला नाही.

सारंग यांचा जन्म कारवारचा. कारवार १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होते आणि राज्य पुनर्रचनेनंतर म्हैसूर राज्यात गेले. कोकणी, मराठी आणि कन्नड यांच्या सरमिसळीच्या या भूभागातून ते शिक्षणासाठी मुंबईत आले. मुंबई विद्यापीठातून इंग्रजी साहित्यात डॉक्टरेट मिळवल्यावर ते अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात गेले आणि तेथे तौलनिक साहित्याचा अभ्यास करून त्यांनी दुसरी डॉक्टरेट संपादन केली. त्यानंतर १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी इराकमधील बसरा विद्यापीठात अध्यापन केले. पुढे ते मुंबई विद्यापीठाच्या इंग्रजी विभागात आले व विभागप्रमुख झाले. १९९० च्या दशकात ते पुन्हा परदेशी गेले, या वेळी कुवेत विद्यापीठात. कारवार, मुंबई, ब्लूमिंग्टन, बसरा आणि कुवेत असा हा प्रवास त्यांच्या लेखनातील परकेपणाच्या मुळाशी आहे.

'सोलेदाद' हा त्यांचा पहिला कथासंग्रह १९७५ मध्ये प्रसिद्ध झाला. या स्पॅनिश शब्दाचा अर्थ एकाकीपणा. मराठी नवकथेने मध्यमवर्गीय मनाचा तळ ढवळला होता, तरी तिची पावले बहुधा वास्तवाच्या जमिनीवरच असत. सारंग यांनी ती जमीनच काढून घेतली. त्यांच्या एका कथेतील एम. चाक्को अशा बेटावर जाऊन पडतो, जिथल्या स्त्रियांना अर्धेच शरीर आहे; कुणाला वरचे, तर कुणाला खालचे. दुसऱ्या एका कथेत विसर्जनाच्या दिवशी गणेशमूर्तीच बंड पुकारतात. अन्य एकीत गिधाड आपली साक्ष नोंदवते. घटना अशा अघटित असल्या, तरी निवेदनाचा स्वर एखाद्या पंचनाम्यासारखा कोरडा असतो. त्यामुळे वाचकाला दचकायला क्षणभर उशीर होतो आणि दचकल्यावर तो अधिक अस्वस्थ होतो. काफ्का, काम्यू आणि बेकेट यांचे संस्कार येथे स्पष्ट दिसतात. मात्र गल्ल्या, चाळी, समुद्र आणि देव हे सारे मुंबईचेच आहेत. 'आतंक' (१९९९) हा त्यांचा पुढचा कथासंग्रह.

'एन्कीच्या राज्यात' (१९८३) ही त्यांची कादंबरी बसऱ्याच्या वास्तव्यातून साकारली. एन्की हा प्राचीन सुमेरी लोकांचा गोड्या पाण्याचा आणि शहाणपणाचा देव. त्याचे नगर एरिडू आजच्या दक्षिण इराकमध्येच होते. अमेरिकेतून बसऱ्यात अध्यापनासाठी आलेला प्रमोद हा मराठी तरुण या कादंबरीचा नायक आहे. जगातील अतिप्राचीन संस्कृतीची भूमी आणि त्याच भूमीवर बाथ पक्षाच्या राजवटीने पसरवलेले संशयाचे सावट यांच्यामध्ये तो सापडतो. आखाती देशांत पोटापाण्यासाठी गेलेल्या हजारो भारतीयांचा अनुभव मराठी कादंबरीत फारसा उतरलेला नाही, हे ध्यानी घेता या कृतीचे मोल आणखी वाढते.

सारंग यांनी अनेक कथा स्वतःच इंग्रजीत नेल्या. 'फेअर ट्री ऑफ द व्हॉइड' (१९९०) या संग्रहासाठी इंडियाना विद्यापीठातील ब्रेऑन मिचेल यांचे साहाय्य त्यांना लाभले. जॉइसच्या जर्मन कादंबरीवरील प्रभावाचा अभ्यास करणारे मिचेल पुढे काफ्काच्या 'द ट्रायल'चे अनुवादक म्हणूनही प्रसिद्ध झाले. सारंग यांच्या 'सिसिफस आणि बेलाक्वा' या समीक्षाग्रंथाचे शीर्षकही बोलके आहे. सिसिफस काम्यूच्या चिंतनाचा नायक; बेलाक्वा हा दान्तेकडून बेकेटने घेतलेला आळशी, थांबून राहिलेला माणूस. निरर्थकतेला सामोरे जाण्याच्या या दोन तऱ्हा.

मराठी समीक्षेत १९८० च्या दशकात देशीवादाचा जोर वाढला. लेखकाची मुळे त्याच्या मातीत असली पाहिजेत, या आग्रहात सारंग यांच्यासारख्या लेखकाला जागा कोठे असणार? त्यांनी या भूमिकेचा प्रतिवाद केला आणि परभाषांशी चाललेल्या देवघेवीतूनच भाषा समृद्ध होते, असा पक्ष मांडला. या वादाची किंमतही त्यांनी मोजली: मराठीत ते 'पाश्चात्त्य' ठरले आणि इंग्रजीत मराठी लेखक म्हणून कडेलाच राहिले. तरीही उत्तरायुष्यात गौतम बुद्धाकडे वळून त्यांनी मराठीत 'अमर्याद आहे बुद्ध' आणि इंग्रजीत 'द धम्म मॅन' लिहिली.

एप्रिल २०१५ मध्ये सारंग यांचे निधन झाले. डब्लिनने जॉइसला पुढे आपला म्हटले, बेकेटच्या नावाने लिफी नदीवर पूल बांधला. मराठीपुढचा प्रश्न याहून साधा आहे. बाहेर जाऊन मराठीतच लिहिणाऱ्याला आपण परका मानायचे, की त्याच्या डोळ्यांनी आपले घर पुन्हा पाहायचे? सारंग यांच्या कथा वाचणाऱ्याला त्याचे उत्तर शोधावेच लागते.