खर्जाचे मानकरी

गोदावरीकाठचे नांदेड आणि मांजरेच्या खोऱ्यातील लातूर या दोन जिल्ह्यांच्या संगीताचा वृत्तांत लिहावयास बसणारा लेखक प्रथम गायकांची, कीर्तनकारांची आणि शाहिरांची नावे घेतो, त्यानंतर जागा उरल्यास पेटी व तबला वाजविणाऱ्यांचा उल्लेख करतो, आणि त्या तबलजीच्याही उजव्या हाताच्या चापल्याची प्रशंसा करून लेखणी खाली ठेवतो. ज्या डाव्या हाताने त्या साऱ्या गायनाला तळ दिला, कानाला कळण्यापूर्वी छातीला जाणवणारा तो गंभीर नाद ज्याने रात्रभर न थकता चालू ठेवला, त्याच्याविषयी आपल्या दप्तरांत सहसा एक ओळही सापडत नाही. पाश्चात्त्य देशांत बेस गिटार या वाद्याच्या थोर वादकांना गेल्या अर्धशतकात जो आदर मिळाला, त्यांच्या एकेका स्वरपंक्तीचा अभ्यास करणारी जी पिढी तेथे तयार झाली, ती पाहिली म्हणजे आमच्या मुलखातील खर्जाच्या मानकऱ्यांचा इतिहास आपण लिहिला नाही, याची खंत अधिकच तीव्र होते. तो इतिहास येथे जमेल तेवढा मांडावयाचा आहे.

नांदेड जिल्ह्याच्या उत्तर टोकाला माहूरगडावर रेणुकेचे ठाणे आहे, आणि लातूरच्या नैर्ऋत्येस, शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात, तुळजापूरची भवानी आहे. गोंधळी समाजातील रेणुराई आणि कदमराई हे दोन भेद या दोन देवींच्या उपासनेवरून पडलेले असल्यामुळे, या दोन पीठांच्या मधला सारा प्रदेश म्हणजे गोंधळ्यांच्या फिरतीचा पिढीजात मुलूख होय, असे म्हणण्यास हरकत नाही. घरात लग्न झाले, जावळ झाले, नवस फिटला, की गोंधळ घालण्याचा कुळाचार येथील असंख्य घराण्यांत आजही पाळला जातो. चौक मांडून, घट बसवून, दिवटी पेटवून गोंधळी उभे राहतात. नायक आख्यान लावतो, एकजण तुणतुण्याची तार छेडीत राहतो, एकजण झांज धरतो, आणि या सर्वांच्या जोडीला कमरेला संबळ बांधलेला वादक असतो. परभणीचे राजारामभाऊ कदम हे या विद्येतील थोर नाव सर्वांना ठाऊक आहे. परंतु आख्यान सांगणाऱ्यांचे नाव राहते आणि संबळ वाजविणाऱ्यांचे राहत नाही, हा नियम येथेही चुकलेला नाही.

संबळ हे जोडवाद्य आहे. लहान भांड्याचा नाद उंच, कोरडा आणि टणक. मोठ्याचा नाद खोल, भरीव आणि लांबणारा. वादकाच्या दोन काठ्यांपैकी एकीचे टोक वळलेले असते, आणि त्या वळलेल्या टोकाचा आघात कातड्यावर सरळ काठीप्रमाणे टोचत नाही, पसरतो. नायक गद्यात कथा सांगू लागला म्हणजे उंच भांडे जवळजवळ मुके होते, पण खालचे भांडे मंद गतीने बोलत राहते. त्यामुळे श्रोत्यांच्या मनातील लय तुटत नाही, आणि नायकाने पुन्हा पद उचलले की सारा ताफा त्या लयीवर विनासायास पाऊल ठेवतो. मध्यरात्रीनंतर, जेव्हा नायकाचा गळा बसू लागतो आणि मुले आईच्या मांडीवर झोपी जातात, तेव्हा या खालच्या नादाची खरी परीक्षा असते. तो घाईने पुढे धावला तर आख्यान कोलमडते; तो आळसावला तर उरलेले श्रोते उठून जातात. माझ्या मते सबंध गोंधळातील सर्वांत कठीण काम हेच आहे.

निजामी अमदानीत या सेवेला काही एक राजमान्यता होती, ही गोष्ट विसरता कामा नये. हैदराबाद संस्थानात देवस्थाने, दर्गे आणि मशिदी यांच्या सेवेपोटी दिलेल्या जमिनींना खिदमतमाश म्हणत, आणि गुरव, वाजंत्री यांच्यासारख्या देवळाच्या सेवेकऱ्यांचा उदरनिर्वाह अशा इनामांवर चाले. त्यामुळे वाद्य हे वतन ठरले: बापाच्या हातातून मुलाच्या हातात काठी आली, आणि तिच्याबरोबर जमिनीचा तुकडाही आला. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थानाचा अंत झाला, इनामे रद्द करणारा १९५४ चा कायदा हैदराबाद राज्यात झाला, आणि खिदमतमाशला त्यातून काही प्रमाणात वगळले गेले तरी जुनी घडी पुढे सैल होतच गेली. वतनाने माणूस बांधला जात होता हे खरे आणि ते बंधन गेले हे इष्टच झाले. परंतु त्या वतनाच्या जागी वादकाला कोणता मान द्यावयाचा, हा विचार मात्र कोणी केला नाही.

दुसरी परंपरा पखवाजाची. खेडोपाडी होणाऱ्या हरिनाम सप्ताहांत, औशाच्या नाथ संस्थानाच्या प्रसिद्ध चक्री भजनात, पंढरीच्या वाटेवरील दिंड्यांत, या मृदंगाशिवाय भजन उभे राहत नाही. या वाद्याच्या उजव्या तोंडावर कायमची शाई असते. डाव्या तोंडाला मात्र प्रत्येक वेळी ताजी मळलेली कणीक लावावी लागते, आणि ती किती घ्यावी, किती ओली ठेवावी, मध्यावर किती दाबून बसवावी यावर त्या खर्जाची जात ठरते. कणीक कमी पडली तर नाद पोकळ होतो, अधिक झाली तर गुदमरतो, आणि उन्हाळ्यात ती वाळू लागली म्हणजे पाण्याचा हात फिरवून तिला पुन्हा वळणावर आणावे लागते. भजन संपले की ती खरवडून काढावयाची आणि उद्या पुन्हा नवी लावावयाची. नांदेडला जेथे १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगांनी देह ठेवला आणि जेथे महाराजा रणजितसिंगांच्या आश्रयाने १८३२ ते १८३७ या काळात तख्त सचखंड श्री हजूर साहिबची वास्तू उभी राहिली, तेथील शीख धर्मपरंपरेच्या जुन्या कीर्तनातही जोडी नावाचे वाद्य होते, आणि तिच्या डाव्या भांड्यावर, म्हणजे धाम्यावरही, अशीच कणीक लावीत. पंढरीचा वारकरी आणि पंजाबचा रागी यांच्या भाषा निराळ्या, ग्रंथ निराळे, परंतु खर्ज निर्माण करण्यासाठी दोघेही गव्हाच्या त्याच पिठाकडे वळले, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते.

लातूरच्या शेजारी अंबाजोगाईच्या परिसरात वारकरी भजनाच्या या संस्कारातूनच शंकरबापू आपेगावकर यांच्यासारखा थोर पखवाजवादक निपजला. १९८६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा मराठवाड्यातील भजनी मंडळांना जो आनंद झाला, त्यात आपल्या वाद्याला अखेर सरकारदरबारी नाव मिळाले ही भावना नक्कीच होती.

आता या खर्जाची दैना कशी झाली ते पाहिले पाहिजे. १९०० च्या सुमारास हैदराबाद–मनमाड लोहमार्गाने नांदेड बाहेरच्या जगाशी जोडले गेले आणि १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रुळांची गाडी लातूरला येऊन पोहोचली. बाहेरच्या मालाबरोबर ग्रामोफोनही आला. १९२५ च्या सुमारास विद्युत ध्वनिमुद्रण सुरू होईपर्यंत गायक कर्ण्यासमोर तोंड धरून गात आणि त्या यंत्राला खालचे नाद फारसे टिपताच येत नसत. पुढे आकाशवाणी आली, सिलोनचे केंद्र आले, १९५७ मध्ये विविध भारती सुरू झाली. पण खेड्यातील घरात पोहोचला तो लहानसा ट्रान्झिस्टर, आणि लग्नाच्या मांडवात बांधला गेला तो भोंगा. भोंग्याला साधारण ३०० हर्ट्झच्या खालचे नाद झेपत नाहीत, आणि बेस गिटारची सर्वांत जाड तार तर ४१ हर्ट्झच्या आसपास बोलते. म्हणजे मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहात ज्या वादकाने जीव ओतून गाण्याचा तळ बांधला, त्याचे अर्धेअधिक काम नांदेडच्या मांडवापर्यंत येता येता गळून पडत असे. मनुष्याचा कान उरलेल्या वरच्या स्वरांवरून हरवलेल्या खालच्या स्वराचा अंदाज बांधू शकतो, हे शास्त्रज्ञांनी दाखविले आहे. आमच्या दोन पिढ्यांनी चित्रपटसंगीताचा खर्ज अशा अंदाजानेच ऐकला.

ज्यांचे काम असे हरवत गेले ते वादक कोण होते? त्यांचे वाद्य कोठून आले, हे आधी पाहू. लिओ फेंडर याने १९५१ मध्ये अमेरिकेत विजेवर चालणारी बेस गिटार बाजारात आणली, त्यापूर्वी उभ्याने वाजवावयाच्या अवाढव्य डबल बेसवर हे काम चाले. या नव्या वाद्याचा पहिला महापुरुष म्हणून ज्याचे नाव घेतले जाते तो जेम्स जेमरसन, डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या शेकडो गाण्यांचा आधार. लहानपणी त्याने काठीला एकच तार ताणून ती मुंग्यांच्या वारुळात रोवली आणि तार छेडून मुंग्यांना नाचविले, अशी आठवण सांगितली जाते. तुणतुण्याच्या मुलखातील वाचकाला ती परकी वाटणार नाही. उजव्या हाताच्या एकाच बोटाने तो वाजवी, आणि कंपनीच्या तबकड्यांवर त्याचे नाव १९७१ पर्यंत छापले जात नव्हते. लॅरी ग्रॅहमला आईबरोबर वाजविताना ढोलवादक मिळाला नाही, म्हणून तो अंगठ्याने तारेवर आघात करून ढोलाचेही काम उरकू लागला, आणि त्या अडचणीतून एक नवी शैली जन्मली. जॅको पास्टोरियसने पडदे नसलेली बेस हाती घेतली, तेव्हा खालच्या स्वराला एका जागेवरून दुसऱ्या जागेवर घसरत नेण्याची मोकळीक मिळाली. आपला तबलजी डग्ग्यावर मनगट दाबून जे घडवितो, त्याच जातीचे हे सौंदर्य आहे. या तिघांची थोरवी वेगाने सिद्ध होत नाही. गायकाने घेतलेला श्वास त्यांनी ऐकला, दोन स्वरांमध्ये रिकामी जागा सोडली, आणि त्या जागेचे ओझे स्वतः पेलले, म्हणून ते अनुकरणीय ठरतात.

मुंबईत हेच काम गोव्याच्या वादकांनी मोठ्या प्रमाणावर केले. राहुल देव बर्मन यांच्या वाद्यवृंदात बेस गिटार धरणारे टोनी वाझ हे जाणकारांच्या आदराचे स्थान. १९७० नंतरच्या दशकातील त्या गाण्यांची तरुण चाल ज्या खालच्या स्वरपंक्तींवर उभी आहे, त्यांकडे पूर्वी कान गेला नसेल तर ती गाणी चांगल्या यंत्रावर पुन्हा ऐकावीत. त्या काळच्या तबकड्यांवर संगीतकार, गीतकार आणि गायक यांची नावे येत; साथीदारांची येत नसत. कॅसेटी आणि मोठे टेप रेकॉर्डर १९८० च्या दशकात नांदेड-लातूरच्या बाजारात, चहाच्या दुकानांत आणि खासगी गाड्यांत पोहोचले, तेव्हा कुठे हा खर्ज येथील लोकांना प्रत्यक्ष ऐकू आला, आणि गणेशोत्सवातील ऑर्केस्ट्रात मागच्या रांगेत चार तारांची गिटार घेऊन उभ्या असलेल्या तरुणाकडे कोणी कौतुकाने पाहू लागले.

परंतु त्याच दशकात दुसरी एक घटना घडत होती. जपानच्या रोलंड कंपनीने १९८१ मध्ये टीबी-३०३ नावाचे यंत्र काढले. बेस वाजविणारा मनुष्य नसला तरी चालावे हा त्याचा उद्देश. मुंबईच्या चित्रपटसृष्टीतील चरणजितसिंग, जे स्वतः गिटार आणि बेस वाजवीत, त्यांनी त्या यंत्राच्या साहाय्याने दहा रागांची एक तबकडी १९८० च्या दशकाच्या आरंभी केली. तेव्हा ती कोणी विचारात घेतली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा प्रसिद्ध झाल्यावर साऱ्या जगाने त्यांच्या दूरदृष्टीचे कौतुक केले. २०१५ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या हाती ते यंत्र वाद्य झाले, कारण खालचा स्वर कोठे ठेवावा आणि कोठे सोडावा हे त्या हाताला आधीच अवगत होते.

आज आमच्या मिरवणुकांत जो खर्ज कानी पडतो त्याच्यामागे असा हात नाही. भिंतीएवढ्या ध्वनिक्षेपकांतून निघणारा तो धक्का घरांच्या काचा हलवितो, आजारी माणसाला झोपू देत नाही, आणि ध्वनिप्रदूषणाविषयीचे २००० सालचे नियम रात्री दहानंतर तो थांबवावा असे सांगत असूनही कित्येकदा थांबत नाही. तरुण त्याच्याकडे ओढले जातात याचा मला विषाद वाटत नाही. ती खालच्या नादाची भूक आहे आणि ती या मातीत जुनी आहे. विषाद याचा वाटतो की ती भूक भागविणारे संबळवादक आणि मृदंगाचार्य याच गावांत राहत असता त्यांना मिरवणुकीचे आमंत्रण जात नाही.

यावर उपाय हाताशी आहे. नांदेड येथे १९९४ मध्ये स्थापन झालेले स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आणि लातूरची महाविद्यालये यांनी माहूर, कंधार, औसा, उदगीर या तालुक्यांतील वृद्ध संबळवादकांचे आणि पखवाजींचे वादन, खालचा नाद पुरता टिपणाऱ्या यंत्रांवर, पूर्ण रात्रीचे पूर्ण मुद्रित करावे; कणीक कशी लावतात, काठी कशी वळवितात, कातडे कोठून आणतात याची त्यांच्याच तोंडून नोंद घ्यावी; आणि त्या नोंदीच्या शिरोभागी वादकाचे नाव, गाव व गुरू लिहावे. ज्यांच्या घरी येत्या लग्नसराईत गोंधळ ठरला असेल, त्यांनी पत्रिकेत नायकाच्या नावाशेजारी संबळ वाजविणाऱ्याचेही नाव छापून घ्यावे, एवढी विनंती आहे.