फोटोतली जागा आणि तांडेलाची खूण

एखादे दृश्य पाहून ते नेमक्या कुठल्या जागेवरून दिसते हे ओळखण्याची विद्या संगणकाच्या फार आधीची आहे. मालवणच्या किनाऱ्यावर तर ती कॅमेऱ्याच्याही आधीपासून नांदत होती आणि तिच्यावर गाबित मच्छीमारांचे पोट चालत होते. मासळीची जागा पुन्हा सापडावी, जाळी फाडणारे खडप टाळता यावे, म्हणून तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरी. पुढे देवळाचा कळस किंवा एखादा बुरूज, मागे दूरचा डोंगर. कळसाच्या बरोबर मागे डोंगराची खाच आली की होडी त्या रेषेवर आहे हे ठरले. मग दुसऱ्या दिशेला तशीच आणखी एक जोडी बघायची. दोन रेषा जिथे एकमेकींना छेदतात, तिथे आपण. मालवणसमोरच्या सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती पाण्याखाली खडकांचे जाळे आहे. 1664च्या नोव्हेंबरात शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर किल्ल्याचे काम सुरू केले, त्यामागे हे खडकही एक कारण होते, कारण परक्या गलबताला त्यांतली वाट ठाऊक नसे. किल्ल्याचा अर्धा बंदोबस्त तटबंदीत होता असे म्हटले, तर उरलेला अर्धा वाट जाणणाऱ्या नावाड्यांच्या डोक्यात होता.

हे ज्ञान कागदावर उतरवण्याची खटपट इंग्रजांनी केली. 1765मध्ये त्यांनी सिंधुदुर्ग घेतला, त्याला ‘फोर्ट ऑगस्टस’ असे नाव दिले आणि थोड्याच काळात तो कोल्हापूरच्या करवीरकर छत्रपतींना परत केला. मालवण कायमचे त्यांच्या हाती आले ते 1812च्या तहाने. मधल्या काळात, 1787 ते 1790 या वर्षांत, बॉम्बे मरीन या इंग्रजी आरमाराच्या जॉन मॅकक्लुअरने पश्चिम किनाऱ्याची मोजणी केली आणि लंडनमध्ये अलेक्झांडर डॅलरिंपलने ते नकाशे छापले. त्या काळी सागरी नकाशांबरोबर किनाऱ्याची आडवी रेखाचित्रे देण्याची पद्धत होती: अमुक दिशेने, इतक्या अंतरावरून पाहिले की डोंगर असे दिसतात. खलाशाने समोरचे दृश्य त्या चित्राशी ताडून पाहायचे आणि आपण कुठे आहोत ते ठरवायचे. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर एमे लोसदा या फ्रेंच लष्करी अभियंत्याने हीच रीत फोटोला लावली. फोटोतल्या तीन-चार ठिकाणांच्या जागा नकाशावर माहीत असतील, तर कॅमेरा कुठे उभा होता ते भूमितीने काढता येते. तांडेलाची रीत, मॅकक्लुअरची रीत आणि लोसदाची रीत मुळात एकच आहे. जागा सापडते ती वस्तूंवरून नव्हे, त्यांच्या परस्परसंबंधावरून. माझे सगळे म्हणणे या एका मुद्द्यावर उभे आहे.

संगणकाने हे काम हाती घेतले तेव्हा त्याच्यासमोर दोन वाटा होत्या. पहिली भूमितीची. एकाच जागेचे अनेक फोटो घ्यायचे, त्यांतले तेच ते कोपरे आणि कडा जुळवायच्या आणि प्रत्येक कॅमेऱ्याची जागा काढायची. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी 2009मध्ये रोम शहराचे दीड लाख फोटो असे एका दिवसाच्या आत जुळवून दाखवले. दुसरी वाट सवयीची. लाखो फोटो दाखवून यंत्राला मातीचा रंग, झाडे, छपरे, रस्त्यावरच्या पाट्या यांची ओळख करून द्यायची आणि नव्या फोटोबद्दल अंदाज मागायचा. 2008मध्ये हेज आणि एफ्रॉस यांनी साठ लाखांहून अधिक फोटोंवर हा प्रयोग केला. 2016मध्ये गूगलच्या ‘प्लॅनेट’ने पृथ्वीचे 26,263 तुकडे पाडले आणि फोटो कुठल्या तुकड्यातला ते यंत्राला सांगायला लावले. यातली एक गोष्ट कोकणाने नीट लक्षात घ्यावी: तुकड्यांचा आकार ठरला तो फोटोंच्या संख्येवर. जिथे फोटो खूप, तिथे तुकडे बारीक. जिथे कमी, तिथे ऐसपैस. म्हणजे यंत्राचा नकाशा हा माणसांनी कॅमेरे कुठे नेले याचा नकाशा आहे. रोम त्यात गल्लीबोळांसह उतरते, मालवणजवळच्या निवतीची पुळण उतरत नाही.

यावर आक्षेप येईल की हे जुने झाले, नवी यंत्रे फार पुढे गेली आहेत. खरे आहे. स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांनी 2023मध्ये केलेले ‘पिजन’ रस्त्यांवरच्या फोटोंचा देश 92 टक्के वेळा बरोबर ओळखते आणि 40 टक्क्यांहून अधिक वेळा खऱ्या जागेच्या 25 किलोमीटरच्या आत पोचते. ही कामगिरी थक्क करणारी आहे. पण मालवण मध्यावर धरून 25 किलोमीटरचे वर्तुळ काढा: आचरा, तोंडवळी, तारकर्ली, देवबाग, भोगवे, निवती सगळे आत येते. जांभ्याचे चिरे, माड, लाल माती आणि मंगलोरी कौले एवढ्यावरून तर गोवा, कारवार आणि केरळही सुटत नाहीत. कौलांवरून काळाचा अंदाज मात्र बांधता येतो. बासेल मिशनचा मंगलोरचा कौलांचा कारखाना 1865चा, त्यामुळे तसले छप्पर दिसले की फोटो त्यानंतरचा. मालवणच्या राजकोट किल्ल्यावर तर त्याहून नेमके सांगता येते: शिवाजी महाराजांच्या तिथल्या पहिल्या पुतळ्याचे अनावरण 4 डिसेंबर 2023ला झाले आणि तो 26 ऑगस्ट 2024ला कोसळला, म्हणून तो पुतळा उभा दिसणारा फोटो या नऊ महिन्यांतलाच.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: घरातला जुना फोटो पुळणीवर नेमका कुठे काढला हे कळून कोणाचे काय भले होणार? याचे उत्तर देवबागात आहे. कर्लीची खाडी आणि समुद्र यांच्यामधली ही वाळूची चिंचोळी पट्टी, आणि दर पावसाळ्यात लाटा तिचा लचका तोडतात. समुद्र किती आत आला याचा वाद आठवणींवर मिटत नाही. पण मागचे घर, विहीर किंवा गडगा ओळखू येणारा जुना फोटो असेल, तर तेव्हाची किनाऱ्याची रेघ आज जमिनीवर आखून दाखवता येते. खाडीच्या मुखाजवळच्या वाळूच्या बेटाला ‘सुनामी बेट’ म्हणतात आणि ते 26 डिसेंबर 2004च्या सुनामीने वर आले असे सांगतात. त्याआधीचा, जागा पक्की ठरलेला एकच फोटो या सांगण्याची परीक्षा घेऊ शकेल. मात्र इथे सावध राहायला हवे. पुळण पावसाळ्यात खचते आणि नंतर पुन्हा भरते, म्हणून फोटोचा महिना ठरवल्याशिवाय धूप मोजू नये. त्यालाही आधार फोटोतच मिळतो. या अक्षांशावर मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत भर दुपारची सावली दक्षिणेकडे पडते, एरवी उत्तरेकडे. आणि फोटोतले पाणी भरतीचे की ओहोटीचे, हे किल्ल्याच्या तटावरची ओली रेघ सांगते.

हा पुरावा वाचायला यंत्र उपयोगी पडेल, आणि ते जरूर वापरावे. पण त्याला जुळवायला खुणा द्याव्या लागतील आणि त्या खुणा माणसांकडेच आहेत. मासेमारीच्या होड्यांवर जीपीएस आल्यापासून कळस आणि डोंगर जुळवण्याची गरज उरली नाही, त्यामुळे ती विद्या असलेली शेवटची पिढी आज म्हातारी झाली आहे. समुद्रातून किनारा कसा दिसतो, कुठल्या डोंगराला काय म्हणतात, कुठले देऊळ कुठल्या खाचेत बसते हे त्यांना अजून सांगता येईल. मालवण, देवगड, वेंगुर्ला या तालुक्यांतल्या शाळा-कॉलेजांनी, ग्रंथालयांनी जुने फोटो घेऊन या तांडेलांकडे जावे, ते सांगतील ती नावे लिहून घ्यावीत, आणि आज पुन्हा त्याच जागी उभे राहून फोटो काढावा. ज्यांच्या घरी ट्रंकेत असे फोटो आहेत त्यांनी निदान एवढे करावे: मागच्या बाजूला पेन्सिलीने वाडीचे नाव, कुठल्या दिशेला तोंड करून काढला आणि अंदाजे साल लिहून ठेवावे, आणि हे घरातली जाणती माणसे आहेत तोवरच करावे.